तिवरखारची एकच हरकत

हसुराम म्हात्रे यांच्या घरी रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला उंबऱ्याच्या आत जाता येत नाही. आता हे वाचून कुणाला वाटेल, म्हातारा हावरट दिसतो, पाहुण्याने पेढ्यांचा पुडा आणावा अशी त्याची अपेक्षा असणार. तर तसं नाही. तुम्ही पेढे घेऊन गेलात तरी त्यांच्या लेखी रिकाम्या हातानेच आलात. त्यांना दगड लागतो. नारळाएवढा, निदान सोललेल्या नारळाएवढा तरी. तो उचलून आणायचा, घरासमोरच्या बांधावर ते दाखवतील तिथे ठेवायचा आणि मग पडवीत येऊन बसायचं. चहा त्यानंतर.

मला हे ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. मी मूळचा तळा गावचा, डोंगराकडचा माणूस. आमच्याकडे अंगणातले दगड वेचून बाहेर फेकतात. सतरा वर्षांपूर्वी इथल्या नगरपरिषदेत आवक-जावक कारकून म्हणून लागलो, आणि गावातली जागा परवडेना म्हणून अगदी शेवटच्या गल्लीत घर बांधलं. इतकं शेवटी, की नगरपरिषदेची हद्द माझ्या संडासाच्या टाकीपाशी संपते. पुढे एक नाला, नाल्यावर नारळाचा ओंडका आडवा टाकलेला, आणि पलीकडे तिवरखार. गाव तिथून सुरू होतं आणि गावातलं पहिलं घर हसुरामदादांचं.

घराला रंग लावायचा होता म्हणून शिडी मागायला गेलो. दादा पडवीत जाळं विणत बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलं.

"हातान काय हाय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"मंग जा नि घेऊन ये."

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, शेजारी जरा विचित्र आहेत, काहीतरी द्यावं लागेल. तिने वाटीभर लाडू दिले. दादांनी त्यातला एक उभ्याउभ्याच खाल्ला, वाटी परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लाडू बरा हाय. दगड?" शेवटी माझ्याच घराच्या पायातला उरलेला एक धोंडा दोन्ही हातांनी छातीशी धरून मी ओंडक्यावरून तिसऱ्यांदा पलीकडे गेलो. शिडी मिळाली. वर चार बोंबील मिळाले.

पुढे कळत गेलं की या बाबतीत तिथे कुणालाच माफी नाही. पोस्टमन दगड आणतो. सिलिंडरवाल्याने एकदा वाद घातला की मी आधीच एवढं वजन आणतोय, तर दादांनी त्याला शांतपणे सांगितलं, सिलिंडर चुलीपाशी ठेव, नि जाऊन दगड आण. बोर्ली पंचतनहून एक वरात आली होती, तेव्हा नवरदेवासकट सगळ्या वऱ्हाडाला त्यांनी वेशीवर उतरवलं. नवरा मुंडावळ्या सावरत दगड घेऊन बांधावर चालला आहे, मागे करवल्या एकेक धोंडा घेऊन चालल्या आहेत आणि बँडवाले ढोल पाठीवर टाकून दगड शोधत आहेत, असं ते लग्न झालं. नवऱ्याचा मामा रुसला. दादांनी त्याच्याही हातात एक दिला.

याला कारण होतं, आणि ते साधं होतं. तिवरखारची सगळी भातशेती उधाणाच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. समुद्र आणि शेत यांच्यामध्ये हा एक मातीचा, दगडाचा बांध. तो कुठल्याशा आज्या-पणज्यांनी टोपलीने माती वाहून घातला, आणि तेव्हापासून गावच तो सांभाळतं. बांधात एके ठिकाणी लाकडी दारं आहेत, त्या जागेला उघाडी म्हणतात. भरती चढली की दारं बसवायची, ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. हे काम दादांकडे. बांध फुटला तर तिथली माणसं म्हणतात, खांड गेली. तशी हाळी आली की प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन बांधावर हजर झाला पाहिजे, मग घरात बारसं असो की मयत. ती हाळी द्यायचं कामही दादांचंच. याचा त्यांना कुणी पगार देत नाही.

"समिंदर काय नाव इचारून आत येत न्हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कुठेही बसायचं. बांधावर कुणाच्या शेतासमोर कुणी खपायचं यावर भांडण निघालं की हे वाक्य. निवडणुकीत दोन पार्ट्या पडल्या की हे वाक्य. एकदा त्यांच्या कोंबड्यांनी आमच्या परसातली मेथी साफ केली. कुठल्या कोंबडीने केली ते तरी सांगा, असं माझी बायको म्हणाली, तर तिलाही हेच ऐकावं लागलं.

घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. वेळ पाण्यावर. "पानी सुटल्याव येतू," म्हणजे ओहोटी लागल्यावर, असं म्हणाले की आपण पंचांग बघायचं, तिथी बघायची आणि हिशेब करायचा. मला तो हिशेब कधीच जमला नाही. रजा टाकून त्यांची वाट बघत बसलो आहे आणि दादा दुसऱ्या दिवशी पहाटे दार ठोठावत आहेत, असं निदान तीनदा झालं.

नियमाच्या बाबतीत माणूस इतका कडक की स्वतःच्या मुलालाही सोडलं नाही. मुलगा विलास, एकुलता एक. बंदरावर कंटेनरच्या कामाला लागला होता. एका आषाढात खांड गेली आणि विलास आला नाही, कारण त्याची पाळी होती आणि पाळी सोडली असती तर नोकरी गेली असती. पाणी आवरल्यावर देवळात गाव जमलं. जी घरं आली नाहीत त्यांची नावं मोठ्याने वाचायची, त्या घराने उभं राहून गावाची माफी मागायची, अशी रीत. दादांनी नावं वाचली. पहिलंच नाव, "म्हात्रे विलास हसुराम." विलास उभा राहिला, माफी मागितली आणि पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन कामोठ्याला राहायला गेला. गावात ही गोष्ट अभिमानाने सांगत. मीसुद्धा ऑफिसात रंगवून सांगायचो, आणि लोक हसायचे. दादांची बायको त्याआधीच वारली होती, म्हणजे विलास गेल्यावर त्या घरात जेवायला एकच पान मांडलं जायचं, हे मात्र माझ्या गोष्टीत कधी यायचं नाही.

तर असे आमचे शेजारी. आता हद्दवाढीचं सांगतो, कारण त्याशिवाय मला जे सांगायचं आहे ते सांगता येणार नाही.

आमचं शहर लहान. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलने गेलं तर घाम येत नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला वनखात्याचा डोंगर, तिसरीकडे रस्ता. कचऱ्याला जागा नाही, मैदानाला जागा नाही, घरं बांधायला तर नाहीच. राहता राहिलं तिवरखार. ते आत घ्यायचं का, यावर सभागृहात तीन बैठका झाल्या. इतिवृत्त लिहायला मी होतो. कुणी म्हणालं, शहर वाढलं नाही तर ते मरतं. कुणी म्हणालं, लोकसंख्या वाढली की आपल्या नगरपरिषदेचा वर्ग वर जाईल आणि निधी वाढेल. एक जुने सदस्य उठून म्हणाले, आपण आपल्याच लोकांना एक दिवसाआड पाणी देतो, मग त्यांना कुठून देणार? यावर सगळे हसले आणि चहा आला.

तिवरखारमध्येही सगळे एका मताचे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. तरुण पोरांना नळ हवे होते, बांधावर दिवे हवे होते. कॉलेजातून उशिरा परतणाऱ्या मुलींना अंधारात चालावं लागायचं. दादांना दिव्यांचं वावडं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की गाव नगरपालिकेत गेलं की बांध कुणाचा? "तुमच्या साहेबाला खांडीची हाक कोन देल?" त्यांनी मला विचारलं होतं. खांड गेली तर आधी निविदा निघेल, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, बघू.

चैत्रात समिती पाहणीला गेली. नगराध्यक्षबाई, दोन सदस्य, अभियंता आणि वही घेऊन मी. दादा वेशीवर उभेच होते. बाईंनी काही न बोलता पदर खोचला आणि दगड उचलला, हे मला आवडलं. अभियंत्याने उचलला आणि बोटावर पाडून घेतला. पांढरे बूट घातलेल्या सदस्याने शिपायाला पाठवलं, तर दादांनी शिपायाच्या नावाचा वेगळा आणि सदस्याच्या नावाचा वेगळा, असे दोन आणायला लावले. बांधावर उभं राहून सगळ्यांनी खाली बघितलं. चैत्रातली खारजमीन, पांढरी, भेगाळलेली, वर मिठाची साय.

"इथे पिकतं काय?" बाईंनी विचारलं.

"आता काय बी न्हाय," दादा म्हणाले. "आता जमीन निजलीय."

पांढऱ्या बुटांचे सदस्य माझ्याकडे वळून म्हणाले, लिहा, पडीक. मी लिहिलं, 'जमीन बहुतांशी पडीक.' दर कार्तिकात त्याच जमिनीतले नवे तांदूळ दादा आमच्या घरी पोचवत होते. त्या हंगामातही पोचवले होते आणि डबा अजून अर्धा भरलेला होता. लिहिताना मला थोडी लाज वाटली, पण थोडीच. पुढच्या मानाने ती काहीच नव्हती.

प्रस्ताव जिल्ह्याला गेला, सूचना निघाली आणि हरकती मागवल्या. हरकत असो की संमती, कागद आमच्या ऑफिसात द्यायचा, आवक शिक्का मारून घ्यायचा. मुदत संपल्यावर जिल्ह्याहून अधिकारी येऊन सुनावणी घेणार. पहिल्याच आठवड्यात संमतीपत्रं यायला लागली. छापील, खाली नाव आणि सही. एक हसतमुख गृहस्थ रोज दुपारी गठ्ठा आणायचे आणि बरोबर थंड पेयाच्या बाटल्या. त्यांना तिवरखारमध्ये आताच इमारती दिसायला लागल्या होत्या. मी बाटली प्यायचो आणि एकेका कागदावर शिक्का मारायचो. तीन दुपारी त्यात गेल्या. माझी काही तक्रार नव्हती.

दादा आले ते मुदतीला तीन दिवस उरले असताना. अमावास्येचा दिवस, दुपारी साडेबाराच्या सुमाराला भरतं पूर्ण चढलेलं. दारं बसवून, पाणी पुरतं उतरायच्या आत परत जायचं म्हणून ते तसेच आले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. दीड वाजत आला होता. मी डबा उघडला होता.

त्यांनी टेबलावर कागद उलगडला. चार ताव, भाताची खळ लावून एकाखाली एक चिकटवलेले. उलगडता उलगडता तो टेबलावरून खाली लोंबला. वर तिवरखारच्या सरपंचबाईंच्या मुलीच्या अक्षरात हरकत, आणि खाली नावं, सह्या, अंगठे. एकशे सत्याऐंशी.

"एक पन घर सुटला न्हाय," ते म्हणाले. "जे पनवेलला गेलेत, उरनला गेलेत, त्यांच्या घरी जाऊन आनल्या. पंधरा दिस फिरलू."

आता हे नीट सांगतो. सूचनेत लिहिलं होतं, प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करावा. एका कागदावर कितीही सह्या असल्या तरी मोजताना तो एक कागद. हे मला पाठ होतं; सूचनेची शुद्ध प्रत मीच काढली होती. आणि तिवरखारवाले ही चूक करणार हेही मला समजायला हवं होतं. ज्या गावात बांधावरचा दगड कुणाचा हे विचारत नाहीत, ते गाव एकशे सत्याऐंशी वेगवेगळे कागद कशाला लिहील? त्यांच्या दृष्टीने जितके कागद कमी, तितकी हरकत मोठी. मुद्दाम खळ लावून त्यांनी तो एक केला होता.

"बरोबर हाय ना भाऊ?" दादांनी विचारलं. "काय चुकला असल त आताच सांग. तीन दिस हायत."

त्यांनी विचारलं होतं. मी आपणहून सांगितलं नाही, एवढंच नव्हतं; मला सरळ विचारलं होतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं? एकशे सत्याऐंशी शिक्के. एकशे सत्याऐंशी पोचपावत्या. उद्यापासून हे अख्खं गाव माझ्या टेबलासमोर रांग लावणार, प्रत्येकाला नाव विचारा, अंगठ्याची शाई पुसायला फडका द्या. आणि समोर डबा गार होत होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

एक शिक्का मारला, एक पोच दिली. दादांनी ती टोपीत ठेवली. जाताना म्हणाले, "तू आत हायस म्हंजे आमचाच मानूस आत हाय." मग पाणी उतरायच्या आत पोचायचं म्हणून ते भराभरा निघून गेले. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, सांगून टाकावं. नाल्यापलीकडे ते दिसत होते. पण उधाण होतं, ते उघाडीवर गुंतलेले, म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटलं, आता सांगितलं तर विचारतील, काल का नाही सांगितलंस? तिसऱ्या दिवशी मी त्या बाजूची खिडकीच लावून घेतली. पाच वाजता मुदत संपली आणि, खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढे एकदा हे सगळं मी बायकोला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे, तुमच्या एकट्याने काय होणार होतं. ती भांडी घासत होती. तिने एवढंच विचारलं, "त्या दिवशी मी डब्यात काय दिलं होतं?"

"भेंडी," मी म्हणालो.

पुढचे दोन दिवस तिने स्वयंपाक नेहमीसारखा केला, पण मला वाढलं नाही. माझं मी घेतलं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत छापील संमतीवाले, मागे तिवरखार. बायका कामं टाकून आल्या होत्या. अधिकाऱ्यांनी माझ्याच हातची यादी वाचली. संमतीपत्रं चारशे बारा. तिवरखारहून हरकती, एक. मागे कुजबुज झाली. सरपंचबाई उठून म्हणाल्या, साहेब, एकशे सत्याऐंशी घरांच्या सह्या आहेत. अधिकारी सौम्यपणे म्हणाले, सह्या आहेत, पण अर्ज एक आहे, तो एकच मोजावा लागेल. मी समोरच्या पंख्याकडे बघत होतो.

तेवढ्यात दादा उभे राहिले. वाटलं, आता माझं नाव घेणार, आणि घ्यावं असंही वाटलं.

"बरोबर हाय साहेब," ते म्हणाले. "एकच हाय. आमचा गाव एकच हाय."

आणि ते मागे वळून गावाकडे बघत राहिले, छाती फुगवून. सरकारने तिवरखारला एक म्हटलं, साहेबांनी तोंडाने म्हटलं, याचा त्यांना झालेला आनंद तोंडावर दिसत होता. गावातल्या शिकलेल्या पोरांना काय झालं ते कळलं होतं. त्यांनी माना खाली घातल्या. दादांना कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही.

चार महिन्यांनी निकाल आला. तिवरखार शहरात आलं. हरकतींचं प्रमाण नगण्य असल्याचं त्यात लिहिलं होतं. नाल्यापलीकडे स्वागताची कमान लागली. पंधरवड्यात पहिली कचऱ्याची गाडी बांधावरून आत गेली, आणि चाकांनी दगड ढासळले ते दादांनी दोन दिवस खपून पुन्हा बसवले. त्या दोन दिवसांत मी त्यांना खिडकीतून बघत होतो. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी पलीकडे गेलो.

ते पडवीत होते. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: स्वतंत्र अर्जाचा नियम, मला तो माहीत होता, तुम्ही विचारलंत आणि मी बरोबर आहे म्हणालो, डबा उघडला होता, कंटाळा आला. साहेबांनी दबाव टाकला वगैरे काही नाही. नुसता कंटाळा. बोलून झाल्यावर डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी खांबाकडे बघत होतो.

दादांच्या चिमटीत जाळ्याचा दोरा तसाच राहिला. मग म्हणाले, "म्हंजे ते एक बोलले तो मान न्हवता."

"नाही."

"सगल्यांना ठाव होता?"

"बऱ्याच जणांना."

त्यांनी मान हलवली. दोरा ओढून एक गाठ मारली, ती चुकली, ती सोडवली. ओरडतील, निघ म्हणतील असं मला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"वेगले कागद केलं असतं," ते सावकाश म्हणाले, "त विलासनी त्याचा मोबाइलवर धाडला असता. सरपंचबाईच्या पोरीला. मना जायालाच लागला नसता."

मी पडवीच्या कडेला टेकलो.

"कागद एक, म्हनून घेऊन गेलू. अकरा वर्सांनी गेलू. त्याचा घर मना ठाव न्हवता, रिक्षावाल्यानी दोनदा फिरवला. दार सूनबाईनी उघडला. ती बोलली, बाबा, आत या. म्हनली, तुमी हात रिकामं ठेवून या बाबा, हितं काय लागत न्हाय." त्यांनी दोरा बोटाभोवती गुंडाळला. "विलासनी कागद हातान घेतला, सगली नावां वाचली. आजून सगल्यांची नावां ठाव हायत त्याना. मंग सही केली. रातीला रवलू. तो माज्या बाजूला झोपला, खाली, चटईव. काय बोलला न्हाय. मी पन न्हाय. पन झोपला बाजूलाच."

बाहेरून कोंबड्या आल्या आणि त्यांच्या पायांशी टिपायला लागल्या. त्यांनी त्यांना हाकललं नाही.

"सकाली निंगालू तवा तो बोलला, परत कवा येल? मी काय सांगू? काम असल तवा येन, बोललू." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, चेहऱ्याकडे. "भाऊ, आता मी तुमच्या नगरपालिकेचा मानूस हाय. तुमच्यान आसा कंचा कागद हाय काय, जो घेऊन मना त्याच्याकडं जाया लागल?"

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सतरा वर्षं मी कागदच हाताळले. नव्या हद्दीतल्या घरांची नोंद पुढच्या आठवड्यात सुरू व्हायची होती. घरावर मुलाचं नाव लावायचं तर त्याची सही लागते, पण ती पोस्टाने पाठवली तरी चालते. मोबाइलवरूनही चालते.

"आहे," मी म्हणालो. "घराच्या नोंदीवर विलासची सही लागेल."

"धाडून दिली त चालल?"

"नाही. तुम्हाला समक्ष जाऊन घ्यावी लागेल. आणि एका खेपेत होत नाही, दोन-तीनदा तरी जावं लागतं."

"नियम हाय?"

"नियम आहे," मी म्हणालो.

दादांनी जाळं बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि दोरीवर टाकलेला सदरा वाळला का ते चाचपून बघायला गेले.